चष्म्याच्या काचेचा इंडेक्स १.५६ की १.६७? आणि मुळात प्रकाश काचेत शिरताना वळतो कशाला?

ढापण्या

नमस्कार मंडळी. माझा नंबर उजव्या डोळ्याला -६.५, डाव्याला -६, सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा वेगळा नंबर) किरकोळ. जुना चष्मा पॉलीकार्बोनेटचा आहे, फ्रेमची काडी तुटली म्हणून नवा करायला गेलो तर दुकानदाराने समोर चार्टच ठेवला, १.५६, १.६, १.६७, १.७४. आकडा वाढेल तशी काच पातळ आणि किंमत अशी काही उडी मारते की विचारू नका. आकडा कसला म्हणून विचारलं तर म्हणे "इंडेक्स आहे सर, जेवढा जास्त तेवढं चांगलं". कशासाठी चांगलं ते काही त्याला सांगता येईना. मी म्हटलं उद्या येतो आणि सटकलो.

दुसरी गोष्ट, जुन्या चष्म्यातून मान न हलवता नुसते डोळे फिरवून कडेला बघितलं की ट्यूबलाइटच्या एका काठाला निळसर आणि दुसऱ्या काठाला पिवळट-नारिंगी रेघ दिसते. ऑफिसात व्हाइटबोर्डवरच्या काळ्या अक्षरांनाही तेच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नंबर बरोबर आहे, डोळाही ठीक आहे. मग हे रंग येतात कुठून?

शाळेत अपवर्तन झालंय, ग्लासातली पेन्सिल वाकडी दिसते, साइन आय भागिले साइन आर, सगळं पाठ करून मार्क घेतले. पण हवेतून काचेत जाताना प्रकाश मुळात वळतो कशाला हे तेव्हाही डोक्यावरून गेलं होतं. फ्रेम पसंत करून ठेवलीये, मोठी आहे, हल्ली चालते तशी, ५४ ची. पैसे कुठे घालू ते सांगा. आणि प्लीज नुसत्या लिंका टाकू नका, कोणीतरी माणसासारखं समजावून सांगा.

तिरकस

सगळा मार्केटिंगचा खेळ आहे. काच ती काच. मी कायम दुकानातली सगळ्यात स्वस्त काच घेतो, आजवर काही अडलं नाही. (माझा नंबर -१.२५ आहे पण मुद्दा तोच.)

शास्त्र_मॅडम

तिरकसराव, -१.२५ ला नाहीच अडणार, तुमच्या काचेची कड कुठल्याही इंडेक्सची घेतली तरी पातळच राहणार. -६.५ वाल्याचं दुखणं वेगळं असतं.

ढापण्या, इंडेक्स म्हणजे अपवर्तनांक. दहावीच्या विज्ञान भाग १ मधे सहावा धडा अपवर्तनाचा आणि सातवा भिंगांचा, तुमचा प्रश्न बरोबर त्या दोघांच्या मधे पडतो म्हणून शाळेत कोणी नीट जोडून दाखवत नाही. निर्वातात प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किमी जातो, आपण ३ लाख धरू. पदार्थात शिरला की तो वेग राहत नाही. १.५ च्या काचेत २ लाख, १.६७ च्या काचेत साधारण १ लाख ८० हजार, १.७४ मधे १ लाख ७२ हजार. निर्वातातला वेग भागिले पदार्थातला वेग, झाला इंडेक्स, याउपर त्यात काही गूढ नाही. पाण्याचा १.३३, हिऱ्याचा २.४२, हवेचा १.०००३ म्हणजे आपल्या कामापुरता १.

आता वेग कमी झाला तर झाला, दिशा का बदलावी? तर प्रकाश सरळ आत गेला, म्हणजे स्तंभिकेच्या (पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या) रेषेत, तर दिशा बदलतच नाही, नुसता हळू होतो. तिरका गेला तरच वळतो. एनसीसीची परेड डोळ्यासमोर आणा. खांद्याला खांदा लावून एक रांग कडक मैदानावरून चालली आहे, पुढे चिखल आहे आणि चिखलाची हद्द रांगेला समांतर नाहीये, तिरकी आहे. डाव्या टोकाचा कॅडेट आधी चिखलात शिरतो, ड्रमचा ठोका तोच आहे पण याचं पाऊल आता छोटं पडतं, उजव्या टोकाची पोरं अजून कडक जमिनीवर लांब पावलं टाकतायत. सगळी रांग आत जाईपर्यंत ती आपोआप तिरकी झालेली असते, आणि प्रत्येकजण आपल्या रांगेला काटकोनातच चालत असल्यामुळे सगळ्यांची दिशा वळते. कोणी वळा म्हणून ऑर्डर दिलेली नाही. यात ठोका म्हणजे वारंवारता, ती बदलत नाही, म्हणून लाल लेझर काचेत गेला म्हणून हिरवा होत नाही. पाऊल म्हणजे तरंगलांबी, ती आखडते.

आकड्यात बघा. ४५ अंशात आलेला किरण १.५ च्या काचेत २८ अंशांवर येतो, १.६७ मधे २५ वर, १.७४ मधे २४ वर. म्हणजे शेवटच्या महागड्या उडीत हाती लागला एक अंश.

पण नुसतं वळणं म्हणजे नंबर नव्हे. खिडकीची काच पण प्रकाश वळवते, फक्त बाहेर पडताना तेवढाच उलटा वळवते कारण दोन्ही बाजू समांतर, म्हणून किरण जरासा बाजूला सरकतो आणि पहिल्याच दिशेने पुढे जातो. भिंगाच्या दोन बाजू समांतर नसतात. भिंगाची ताकद म्हणजे (इंडेक्स उणे १) गुणिले दोन पृष्ठभागांच्या वक्रतेतला फरक. तुमची -६.५ ही ताकद ठरलेली, म्हणजे इंडेक्स वाढवला की वक्रता कमी लागते आणि काच पातळ होते. बघायचं ते त्या "उणे १" कडे. १.५ चं ०.५ होतं, १.६७ चं ०.६७, १.७४ चं ०.७४. १.५ वरून १.६७ वर गेलात तर वक्रता चतुर्थांशाने कमी होते. १.६७ वरून १.७४ वर गेलात तर आणखी जेमतेम दहावा हिस्सा. किंमत मात्र त्या हिशेबाने वाढत नाही हे तुम्ही बघितलंच आहे.

काउंटरमागून

मी चष्म्याच्या दुकानात फिटिंगचं काम करतो, कुठल्या ते सांगत नाही. मॅडमनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे पण गिऱ्हाईकाला जे खरं सांगायला पाहिजे ते वेगळंच आहे आणि आमच्या लायनीत ते फार कमी लोक सांगतात, कारण त्यात दुकानाचा फायदा नाही. काच बदलण्याआधी फ्रेम बदला.

फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूला बघा, ५४ मग एक छोटा चौकोन मग १८ असं लिहिलेलं असतं. ५४ म्हणजे एका काचेची रुंदी मिमी मधे, १८ म्हणजे नाकावरचं अंतर. बेरीज ७२. म्हणजे दोन काचांचे मध्य एकमेकांपासून ७२ मिमीवर आले. पण तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, आम्ही पीडी म्हणतो, ते ७२ नसतं ना, धरा ६२. मग काचेचा ऑप्टिकल सेंटर, म्हणजे जिथून प्रकाश न वळता जातो तो बिंदू, तुमच्या बाहुलीसमोर यायला दोन्हीकडे ५-५ मिमी नाकाकडे सरकवावा लागतो. सरकवला की सेंटरपासून कानाकडच्या कडेपर्यंत किती उरलं, अर्धी काच २७ आणि सरकवलेले ५, एकूण ३२. मायनसची काच मध्यात पातळ आणि कडेला जाड असते आणि ही जाडी अंतराच्या वर्गाने वाढते, इथे सगळी मेख आहे.

-६.५ चा हिशेब, मध्याची जाडी सोडून कडेला वरचढ किती येते ते. ५४ च्या फ्रेममधे १.५६ घेतली तर ५.९ मिमी, १.६७ ला ५, आणि सगळ्यात महाग १.७४ ला ४.५. आता हीच काच ४८ च्या फ्रेममधे बसवा, नाकावरचं १८ च. बेरीज ६६, सरकवायचं फक्त २ मिमी, सेंटरपासून कड २६ वर. १.५६ ला ३.९ मिमी, १.६ ला ३.७, १.६७ ला ३.३. म्हणजे छोट्या फ्रेममधली साधी १.५६ ही तुमच्या पसंतीच्या मोठ्या फ्रेममधल्या १.७४ पेक्षा पातळ बसते. ढोबळ हिशेब आहे, सिलिंडर आणि बेस कर्व (काचेच्या पुढच्या बाजूची गोलाई) धरलेला नाही, पण अर्ध्या मिमीच्या आतबाहेर हेच येणार.

शिवाय गोल किंवा अंडाकृती घ्या, चौकोनी फ्रेमचे कोपरे सेंटरपासून आणखी लांब जातात आणि तिथेच काच बाहेर डोकावते. जाड शेलची फुल रिम कड झाकते, सुप्रा (अर्धी रिम) आणि रिमलेसमधे सगळं उघडं पडतं. पॉली काच दुकानदार तुम्हाला चिकटवतात त्याला पण कारण आहे, ती फुटत नाही, लहान मुलांना आणि रिमलेसमधे भोक पाडायला एकदम बेस्ट. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला तिचा काय उपयोग ते त्यांनाच विचारा.

ढापण्या

@काउंटरमागून अहो हे आजवर एकानेही सांगितलं नाही. जुन्या चष्म्याच्या काडीवर ५५ आहे!! आता पीडी मोजून घेतो. रंगांचं मात्र राहिलं.

मॅडम, परेड कळली. पण एक शंका, काचेतून बाहेर पडल्यावर प्रकाशाचा वेग परत ३ लाख होतो ना? मग परत वेग वाढवायला ऊर्जा कुठून आणतो? गाडी हळू केली की परत पळवायला अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो.

येनाकर

रंगांचं मी सांगतो, मी सध्या जर्मनीत येना गावात असतो आणि तुमच्या तक्रारीचा माणूस इथलाच. एर्न्स्ट अ‍ॅबे, कार्ल झाइसचा भागीदार. भिंग बनवणाऱ्यांना काच किती वळवते एवढ्यावर भागत नव्हतं, वेगवेगळे रंग किती वेगवेगळे वळवते हे पण लागत होतं, त्याचा आकडा म्हणजे अ‍ॅबे नंबर. मग त्या दोघांनी ओटो शॉटला इथे आणलं आणि १८८४ मधे काचेचा कारखाना टाकला, नव्या नव्या रेसिपीच्या काचा बनवायला, कारण तोपर्यंत मिळणाऱ्या काचेत जास्त वळवणारी घेतली की रंग जास्त फाकणारच अशी अडचण होती.

अपवर्तनांक हा एक आकडा नसतोच. निळ्यासाठी थोडा जास्त, लाल्यासाठी थोडा कमी. दुकानातला १.६७ हा मधल्या पिवळ्या-हिरव्या उजेडासाठीचा असतो. अ‍ॅबे नंबर जितका मोठा तितकी रंगांमधली फारकत कमी. साध्या फायबर काचेचा (१.५, ज्याला सीआर ३९ म्हणतात) ५८. चांगल्या १.६ चा ४१-४२. १.६७ चा ३२ च्या आसपास, १.७४ चा ३३. आणि तुमच्या पॉलीचा ३०, म्हणजे सगळ्यात तळाला.

आता तुम्ही म्हणता मान न हलवता कडेला बघितलं की दिसतं, ते तसंच दिसणार. भिंगाच्या मध्यातून बघताना दोन्ही पृष्ठभाग जवळपास समांतर असतात, प्रकाश वळत नाही, मग फाकणार तरी काय. सेंटरपासून १ सेमी बाजूला -६.५ चं भिंग ६.५ प्रिझम इतकं वळवतं (प्रिझम हे वळण मोजायचं एकक, सेमी गुणिले नंबर, सोपा नियम आहे). त्याला अ‍ॅबे नंबरने भागा. पॉलीला ०.२२ येतं, १.६७ ला ०.२०, १.६ ला ०.१६, सीआर ३९ ला ०.११. साधारण ०.१ च्या वर गेलं की डोळ्याला जाणवायला लागतं म्हणतात, काहींना त्याहून जास्त झालं तरी कळत नाही. तुम्हाला कळतं. म्हणून १.६७ आणि १.७४ वर पैसे घालून रंगांचा त्रास जाईल या भ्रमात राहू नका, तो तसाच्या तसा राहणार. १.६ घ्या. मी स्वतः -७ आहे आणि १.६ च वापरतो.

नववी_ब

वेग कमी का होतो ते सोप्पं आहे, काचेतले अणू प्रकाश शोषून घेतात आणि थोडा वेळ थांबून परत सोडतात. मधल्या मोकळ्या जागेत तो फुल स्पीडनेच जातो. या थांब्यांमुळे सरासरी वेग कमी येतो. बाहेर आला की थांबेच नाहीत म्हणून परत ३ लाख.

शास्त्र_मॅडम

नववी_ब, हे उत्तर इतक्या ठिकाणी लिहिलेलं सापडतं की तुझी चूक म्हणवत नाही, पण तसं होत नाही. अणूने प्रकाश खरोखर शोषून परत सोडला तर तो कुठल्याही दिशेला सोडेल, आणि असे अब्जावधी अणू वाटेत असताना पलीकडचं चित्र स्वच्छ दिसणं शक्यच नाही. शिवाय अणू ठराविक रंगच शोषतात, काच तर सगळ्याच दिसणाऱ्या रंगांना आरपार सोडते.

खरं काय होतं तर प्रकाश म्हणजे हेलकावणारं विद्युत क्षेत्र, ते काचेतल्या इलेक्ट्रॉनना हलवतं. ते इलेक्ट्रॉन त्याच ठोक्याला हलतात आणि हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःही छोटी लहर सोडतो, वारंवारता तीच पण जराशी मागे पडलेली. मूळ लहर आणि या सगळ्या छोट्या लहरी यांची जी बेरीज होते ती लहर काचेच्या प्रत्येक थरागणिक थोडी थोडी मागे पडत जाते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते वेग कमी झाल्यासारखं दिसतं. पुढच्या दिशेला या सगळ्या लहरी एकमेकींना साथ देतात, बाजूला गेलेल्या एकमेकींना खोडतात, म्हणून चित्र स्वच्छ राहतं. काच संपली की हलायला इलेक्ट्रॉनच नाहीत, मागे ओढणारं कोणी नाही. ढापण्या, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर लागत नाही. गाडीचा वेग इंजिन ठरवतं, लहरीचा वेग ती ज्यातून जाते ते माध्यम ठरवतं.

आणि येनाकरांच्या रंगांचा पण उलगडा यातच आहे. काचेतल्या इलेक्ट्रॉनना स्वतःची एक आवडती वारंवारता असते, ती अतिनील भागात पडते, दिसणाऱ्या उजेडाच्या पलीकडे. निळा रंग तिच्या जास्त जवळ, म्हणून निळ्याला इलेक्ट्रॉन जास्त जोरात साथ देतात आणि निळा जास्त मागे पडतो, जास्त वळतो. लाल लांब आहे, तो त्यातल्या त्यात निसटतो.

तिरकस

मॅडम, बाकी ठीक पण प्रकाश हळू होतो म्हणून आतल्या बाजूला वळतो हे तुम्ही परेडवरून मांडलंत. चेंडू उतारावर आला की वेग वाढतो आणि तो पण उताराच्या बाजूला वळतोच की. वेग वाढूनही आतच वळू शकतो मग. कशावरून हळूच होतो?

शास्त्र_मॅडम

तिरकसराव, आज तुम्ही न्यूटनच्या बाजूने बोलताय! हुबेहूब हाच त्याचा मुद्दा होता. प्रकाश म्हणजे कण, पाणी किंवा काच त्यांना जवळ आल्यावर आत खेचते, म्हणून ते स्तंभिकेकडे वळतात आणि आत जास्त वेगाने जातात. हायगेन्सचं म्हणणं उलट, प्रकाश म्हणजे लहर, आत हळू जाते. गंमत अशी की दोघांच्याही हिशेबातून साइनचा तोच नियम निघतो, त्यामुळे नुसते कोन मोजून भांडण सुटेना. तो नियम स्नेलच्या नावावर आहे (१६२१), छापून आणला देकार्तने १६३७ मधे, आणि त्यांच्याही आधी ९८४ च्या सुमाराला बगदादच्या इब्न साहलने भिंगांवर लिहिताना तो वापरलेला सापडतो. पण आत वेग वाढतो की कमी होतो हे बघायला थेट मोजावं लागणार होतं. ते १८५० मधे फूकोने पॅरिसमधे केलं, गरागरा फिरणारा आरसा आणि वाटेत पाण्याने भरलेली नळी ठेवून. पाण्यातला प्रकाश हवेतल्यापेक्षा उशिरा पोचला. कणवाल्यांचा डाव तिथे संपला.

प्रयोगवही

दोन माध्यमांत वेगाचा फरक नसेल तर काय होतं हे घरी बघता येतं, मी पोरांना कायम करून दाखवतो. बोरोसिलचा छोटा ग्लास किंवा शाळेतली टेस्ट ट्यूब घ्या आणि मोठ्या साध्या काचेच्या भांड्यात शेंगदाण्याचं गोडेतेल ओतून त्यात बुडवा, आतही तेल भरायचं हे महत्त्वाचं. बोरोसिलिकेट काचेचा अपवर्तनांक साधारण १.४७ आणि तेलाचाही १.४७ च्या आसपास. ट्यूब गायब होते. अगदी खरोखर गायब, तेलाच्या पातळीच्या वर अर्धी ट्यूब दिसते आणि खाली काहीच नाही. ट्यूबवर मिलीलिटरच्या रेघा छापलेल्या असतील तर त्या तेलात अधांतरी लटकलेल्या दिसतात, त्या बघून पोरं किंचाळतात. आत एखादा हवेचा बुडबुडा अडकला तर तो चांदीसारखा चकाकतो, कारण तिथे मात्र तेल आणि हवा असा घसघशीत फरक आहे.

काच दिसते ती दोन कारणांनी, कडेला प्रकाश वळतो म्हणून आणि पृष्ठभागावरून थोडा परत फिरतो म्हणून. इंडेक्स सारखे झाले की दोन्ही बंद पडतात. साधा चहाचा ग्लास बुडवला (१.५२ च्या आसपास) तर तो पुसट दिसत राहतो. आणि तेल आधी वेगळं कोमट करून ओतलं (ग्लास आत ठेवून गॅसवर ठेवू नका रे बाबांनो) की त्याचा इंडेक्स जरा उतरतो आणि गायब ट्यूबचे काठ परत अंधुक दिसायला लागतात, गार होत गेलं की परत जातात. तेल नंतर भजी तळायला चालतं, आमच्या घरी चालतं तरी.

यावरून ढापण्यांना एक सांगायचं होतं, पृष्ठभागावरून प्रकाश परत फिरतो तो पण इंडेक्सबरोबर वाढतो. १.५ च्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून ४ टक्के, १.६७ ला ६ पेक्षा थोडा जास्त, १.७४ ला ७ च्या वर. म्हणून हाय इंडेक्स काच बिना कोटिंगची घेतली तर समोरच्याला तुमचे डोळे दिसतच नाहीत, नुसत्या ट्यूबलाइट दिसतात. हिऱ्याला १७ टक्के, तिथे लोक त्याचेच पैसे देतात.

खाडीवरचा

विषय निघालाच आहे तर माझं पण. पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर तारकर्लीला स्नॉर्केलिंगला जायचंय, माझा नंबर -५. चष्मा घालून मास्क बसत नाही. मित्र म्हणतो पाण्यात वस्तू मोठ्या दिसतात, चष्मा लागत नाही. खरं आहे का? आणि बिना मास्कचं नुसते डोळे उघडले तर सगळं धुरकट का होतं, पाणी तर स्वच्छ असतं.

शास्त्र_मॅडम

धुरकट होण्याचं कारण या सगळ्या धाग्याशी जोडलेलं आहे. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्या एककात असतो तेच), त्यातली ४३ च्या आसपास एकट्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, कॉर्नियाची. आतलं नेत्रभिंग उरलेलं काम करतं. कॉर्नियाचा इंडेक्स १.३७६. बाहेर हवा असेल तर १ आणि १.३७६, मोठा फरक, प्रकाश चांगला वळतो. बाहेर पाणी आलं की १.३३ आणि १.३७६, फरक उरलाच नाही, प्रयोगवहींच्या तेलातल्या ट्यूबसारखी कॉर्नियाची गत होते. चाळीसएक डायॉप्टर एका फटक्यात गेले. तुम्हाला -५ म्हणजे तुमच्या डोळ्याकडे ५ डायॉप्टर जास्तीचे आहेत, त्यामुळे बिना मास्कचं पाण्यात तुम्हाला तुमच्या मित्रापेक्षा काकणभर बरं दिसेल, चाळीस ऐवजी पस्तीसच कमी पडतील. म्हणजे दिसणार दोघांनाही काही नाहीच.

मास्क लावला की डोळ्यासमोर परत हवा येते आणि कॉर्निया कामाला लागतो. सपाट काचेतून बघताना पाण्यातली वस्तू आहे त्याच्या पाऊण अंतरावर दिसते आणि म्हणून एक तृतीयांशाने मोठी वाटते, एवढं मित्राचं खरं. पण ४ मीटरवरचा मासा ३ मीटरवर आल्याने -५ वाल्याचं काय भलं होणार, तुम्हाला २० सेमीच्या पुढे सगळंच अंधुक.

काउंटरमागून

@खाडीवरचा नंबरचा मास्क मिळतो, मायनसच्या रेडिमेड काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने येतात. त्याची काच नीट बघा, पाण्याकडची बाजू एकदम सपाट असते आणि नंबर सगळा आतल्या, हवेकडच्या बाजूला कोरलेला असतो. बाहेरची बाजू वाकडी ठेवली तर जमिनीवर एक नंबर आणि पाण्यात दुसराच लागेल. आपला नेहमीचा १.५ च्या काचेचा चष्मा कोणी नुसताच पाण्यात घातला तर दोन्हीकडे पाणी लागून त्याची ताकद जेमतेम तिसरा हिस्सा उरते.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून मास्क लावतात काहीजण, पण डोळ्यांचे डॉक्टर पाण्यात लेन्स घालू नका म्हणूनच सांगतात, इन्फेक्शन वाईट असतं, त्या फंदात पडू नका. थोडासा सिलिंडर असेल तर सोडून द्या, तासाभराचं काम आहे. जायच्या आधी तिथल्या डाइव्हवाल्याला फोन करून -५ चा मास्क भाड्याने आहे का विचारा. -५ नसेल आणि -४.५ असेल तर तोच घ्या, मासे तसेही जवळच असतात.

आणि ढापण्या, पीडी मोजली का? एका डोळ्याची वेगळी आणि दुसऱ्याची वेगळी मागा, नाकाच्या मध्यापासून. ३१ आणि ३१ असेलच असं नाही, -६.५ ला २ मिमी इकडेतिकडे झाले की आठवडाभर डोकं दुखतं आणि गिऱ्हाईक येऊन आम्हाला म्हणतं नंबर चुकलाय.